क्रमवारी सगळ्यात शेवटी: खासगी विद्यापीठ जागतिक स्पर्धेत उतरवताना कामं कोणत्या क्रमाने करायची

‘पुढच्या पाच वर्षांत जगातल्या पहिल्या पाचशेत’ असा ठराव विकसनशील देशांतल्या अनेक खासगी विद्यापीठांच्या दप्तरात सापडतो. ठरावानंतरचा घटनाक्रमही ठरलेला असतो. सल्लागार नेमला जातो, परदेशी विद्यापीठांशी पंधरावीस सामंजस्य करार होतात, प्रत्येक अध्यापकावर वर्षाला दोन शोधनिबंधांची सक्ती येते, विमानतळाच्या रस्त्यावर फलक लागतात. तीन वर्षांनी पाहावं तर क्रमवारीत नाव नसतं, आणि दहाबारा चांगले अध्यापक मात्र सोडून गेलेले असतात.

हेतूत खोट असतेच असं नाही. क्रम उलटा असतो. शेवटी करायची कामं आधी केली जातात आणि आधीची राहूनच जातात. म्हणून हा लेख कुलगुरू, कुलसचिव, गुणवत्ता कक्ष आणि पैसा देणारे विश्वस्त यांच्यासाठी आहे. एकूण आठ ते दहा वर्षं धरून चाला. विश्वस्तांना हे पहिल्याच बैठकीत सांगा. तिसऱ्या वर्षी सांगितलं तर ती सबब वाटते.

## सुरुवातीआधीची तयारी

पाच कागद समोर असल्याशिवाय पहिली बैठक बोलावू नका: गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आजच्या तारखेला पगारपत्रकावर असलेल्या अध्यापकांची यादी, गेल्या पाच वर्षांत प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांची यादी, पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी सध्या कुठे आहेत याची माहिती, आणि देशातल्या सर्व कायदेशीर परवानग्यांच्या प्रती. चौथा कागद बहुतेक ठिकाणी नसतो. तो तयार करायला सहा महिने लागतात, लागू द्या.

मग ‘जागतिक स्पर्धा’ म्हणजे आपल्यापुरतं काय, हे एका पानावर लिहा. माझ्या मते तीन कसोट्या पुरतात. परदेशात जाऊ शकणारा विद्यार्थी आपल्याकडे थांबतो का? परदेशात पीएचडी केलेला माणूस परतताना आपल्याकडे अर्ज करतो का? आपली पदवी बाहेरचं विद्यापीठ किंवा कंपनी जादा परीक्षा न घेता मान्य करते का? या तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर क्रमवारीतलं स्थान कितीही वर गेलं तरी ते कागदी घोडं.

## टप्पा १: आकडे एकाच जागी आणि एकाच व्याख्येने

‘पूर्णवेळ अध्यापक किती?’ असं कुलसचिव कार्यालय, लेखा विभाग आणि संकेतस्थळ या तिघांना विचारा. तीन वेगळी उत्तरं मिळाली तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

१. वर्षातली एक तारीख ठरवा. विद्यार्थी आणि अध्यापक यांची मोजणी त्याच तारखेची.
२. पूर्णवेळ, कंत्राटी, अभ्यागत यांच्या व्याख्या लिहून काढा. अर्धवेळ माणूस अर्धाच मोजायचा.
३. विद्यापीठाच्या नावाचं रोमन लिपीतलं एकच अधिकृत रूप ठरवा आणि प्रत्येक शोधनिबंधावर तेच वापरायला लावा. एका विद्यापीठाच्या नावाची सतरा रूपं मी स्वतः मोजली आहेत. त्यांचे कितीतरी निबंध त्यांच्या खात्यावर कधी चढलेच नव्हते.
४. प्रत्येक संशोधकाने ऑर्किड हा सोळा अंकी ओळख क्रमांक घ्यावा, म्हणजे त्याचे निबंध त्याच्याच नावावर ओळखता येतात; व्यक्तीला तो फुकट मिळतो. संस्थेची नोंद ‘आरओआर’ या संशोधन संस्थांच्या जागतिक नोंदवहीत आहे का आणि नाव बरोबर आहे का, ते पाहा.
५. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या दोन मोठ्या जागतिक नोंदवह्यांतली संस्थेची विखुरलेली खाती एकत्र करून घ्या. हे अर्ज करून होतं, त्यासाठी सल्लागार लागत नाही.

तपासणी: बाहेरच्या माणसाला यादीतले कोणतेही दहा अध्यापक आणि दहा शोधनिबंध निवडू द्या. अर्ध्या दिवसात पुरावे समोर आले तर पुढे चला.

सावधान: देशातल्या नियामकाला एक आकडा आणि क्रमवारीवाल्यांना दुसरा, हा खेळ फार दिवस चालत नाही. दोन्हीकडचे आकडे कधी ना कधी कोणीतरी शेजारी ठेवतोच.

## टप्पा २: संस्थापक आणि विद्यापीठ यांच्यात भिंत

खासगी विद्यापीठ कोणाच्या तरी जिद्दीतून आणि पैशातून उभं राहतं. तीच जिद्द पुढे अडचण होते, कारण शिपायापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येक नेमणूक एकाच घराण्याच्या सहीने होत राहते. चांगला संशोधक हे मुलाखतीच्या दिवशीच ओळखतो.

पाच निर्णय संस्थापकांच्या हातातून लेखी काढून घ्या: अध्यापकांची निवड, बढती, विद्यार्थ्यांचे प्रवेश, गुण, आणि संशोधनाचा विषय. उरलेलं बरंचसं, म्हणजे जमीन, इमारती, निधी उभारणी, दीर्घकालीन दिशा, त्यांच्याकडे राहू शकतं आणि राहावं. कुलगुरूंचा कार्यकाळ निश्चित असावा आणि त्यांना मध्येच हटवण्याची प्रक्रिया लिहिलेली असावी. विद्वत परिषदेत बाहेरचे सदस्य घ्या. त्यांना मानधन द्या, पण नातेवाईक नकोत.

पैशाचा नियमही इथेच करायचा. शुल्क हेच बहुतेकांचं मुख्य उत्पन्न असतं, त्यामुळे एका वर्षी प्रवेश घटले की पहिली कात्री संशोधनाला लागते. उत्पन्नाचा एक ठरलेला हिस्सा संशोधन आणि शिष्यवृत्ती यांसाठी बाजूला निघेल, आणि तो इमारतींकडे वळवता येणार नाही, असा ठराव विश्वस्त मंडळाकडून करून घ्या. टक्का किती यापेक्षा तो वळवता येत नाही हे महत्त्वाचं.

तपासणी: गेल्या वर्षभरात संस्थापकांनी सुचवलेला एखादा उमेदवार निवड समितीने नाकारला आहे का? एकही नसेल तर भिंत फक्त कागदावर आहे.

## टप्पा ३: दोन किंवा तीनच विषय निवडा

सगळ्यात जास्त विरोध इथे होतो, कारण प्रत्येक विभागप्रमुखाला आपला विभाग ‘उत्कृष्टता केंद्र’ हवा असतो.

आगा खान विद्यापीठाला पाकिस्तानात १९८३ साली सनद मिळाली. त्याआधी १९८० मध्ये परिचर्या विद्यालय सुरू झालं होतं. परिचर्या आणि वैद्यक यांवर पाय घट्ट रोवल्यावरच ते इतर विषयांकडे गेलं. घानातलं अशेसी विद्यापीठ २००२ मध्ये अवघ्या तीस विद्यार्थ्यांवर सुरू झालं. मेक्सिकोतली तेक्नोलोजिको दे मोंतेर्रे ही संस्था १९४३ साली उद्योजकांनी काढली आणि तिने अभियांत्रिकीला आजूबाजूच्या उद्योगांशी जोडून घेतलं. तिन्हींची वाट वेगळी. पण पसारा मांडून सुरुवात कोणीच केली नाही.

विषय निवडताना चार प्रश्न विचारा. या विषयात आज आपल्याकडे खरोखर काम करणारी चारपाच माणसं आहेत का? आपल्या प्रदेशात असं काही आहे का, जे श्रीमंत देशांतल्या प्रयोगशाळेला सहज मिळत नाही, जसं की एखादा आजार, एखादं पीक, भाषा, किनारा, दाट वस्तीचं शहर? उपकरणांचा खर्च दहा वर्षं पेलेल का? आणि पदवीधरांना काम मिळेल का? ‘सध्या चलती आहे’ हा पाचवा प्रश्न यादीत नाही. विभाग उभा राहीपर्यंत चलती बदललेली असते.

बाकीचे विभाग बंद करायचे नाहीत. त्यांनी उत्तम शिकवावं, एवढीच अपेक्षा ठेवा आणि तसं स्पष्ट सांगा. नाहीतर तेही निबंध छापायच्या मागे लागतात आणि शिकवणंही जातं.

## टप्पा ४: अध्यापक

सगळी मदार या टप्प्यावर आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आधी कार्यभार, मग अपेक्षा. आठवड्याला अठरा तास शिकवणारा माणूस संशोधन करू शकत नाही. एका तासाची तयारी आणि तपासणी दीड तास धरली तरी पंचेचाळीस तास तिथेच संपले. तरी त्याच माणसाकडून दोन निबंध मागितले जातात आणि तो ते देतो! कुठून देतो, हे कोणी विचारत नाही. निवडलेल्या विभागांत कार्यभार सहा ते नऊ तासांवर आणा. त्याचा खर्च म्हणजे जादा अध्यापक. तो अंदाजपत्रकात दिसला पाहिजे. दिसत नसेल तर संशोधनाचं धोरण नुसतं बोलण्यापुरतं आहे.

भरतीचा क्रम. आधी विभागाचा प्रमुख शोधा: ज्याचं स्वतःचं काम चालू आहे आणि ज्याला तरुण माणसं सांभाळता येतात. नंतर त्याच्यासोबत एकाच वेळी तीन-चार तरुण अध्यापक घ्या, एकमेकांच्या जवळच्या विषयांतले. एकेकटा घेतलेला हुशार माणूस दोन वर्षांत कंटाळून जातो, कारण बोलायलाच कोणी नसतं. परदेशातून परतणाऱ्यांना पगाराइतक्याच तीन गोष्टी हव्या असतात: पहिल्या दिवशी वापरता येईल अशी प्रयोगशाळा किंवा ग्रंथालय, सुरुवातीचा निधी, आणि जोडीदाराच्या नोकरीची सोय. तिसरी गोष्ट मुलाखतीत कोणी काढत नाही आणि नकाराचं पत्र मात्र अनेकदा तिच्यामुळेच येतं.

करार. दरवर्षी नूतनीकरण होणाऱ्या कंत्राटावर कोणी पाच वर्षांचा प्रकल्प हाती घेत नाही. निदान तीन वर्षं, मग बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण, मग कायम. परीक्षणाचे निकष नेमणुकीच्या पत्रासोबतच द्या.

आपल्याच पीएचडीधारकांना लगेच नोकरी नको. दोन-तीन वर्षं दुसरीकडे काम करून आले तर घ्या. नाहीतर विभाग हळूहळू एकाच गुरूचं घराणं होतो.

सावधान, तीन नेहमीच्या चुका:

- प्रत्येक निबंधामागे रोख बक्षीस. यातून निबंध वाढतात आणि काम पातळ होतं. एका अभ्यासाचे चार तुकडे पडतात. बक्षीस द्यायचंच तर वेळेच्या रूपात द्या: एक सत्र शिकवण्यातून सुट्टी.
- नामांकित परदेशी प्राध्यापकाला वर्षातून आठ दिवस बोलावून त्याच्या निबंधांवर आपलं नाव लावून घेणं. ही खोगीरभरती आता उघडी पडते. २०२३ मध्ये सौदी अरेबियातल्या विद्यापीठांची नावं अशा प्रकारे लावली जातात यावर जगभर चर्चा झाली आणि ती त्यांना महागात पडली.
- तपासणीच्या महिन्यापुरते अध्यापक दाखवणं. यावर अधिक लिहायची गरज नाही.

तपासणी: गेल्या तीन वर्षांत सोडून गेलेल्या अध्यापकांपैकी पाच जणांना फोन करा आणि का गेलात ते विचारा. हा फोन मानव संसाधन विभागाने नाही, कुलगुरूंनी करायचा.

## टप्पा ५: संशोधनाची मागची बाजू

अध्यापक आले की त्यांचा वेळ कशात जातो ते पाहा. रसायनांची मागणी तीन सह्यांसाठी अडते, उपकरण सीमाशुल्कात पडून राहतं, दुरुस्तीचा करार केलेलाच नसतो. म्हणून एक छोटं संशोधन कार्यालय हवं. अर्जाचं अंदाजपत्रक बनवणारा एक, खरेदी आणि सीमाशुल्क सांभाळणारा एक, निधीचा हिशेब ठेवणारा एक. तीन माणसांपासून सुरुवात होते. उपकरण घेताना देखभालीचा पाच वर्षांचा खर्च त्याच प्रस्तावात धरा, नाहीतर उद्घाटनाचा फोटो तेवढा उरतो.

नैतिकता समिती याच वेळी स्थापन करा. माणसांवर होणाऱ्या अभ्यासाला पूर्वपरवानगीचा क्रमांक नसेल तर चांगली नियतकालिकं निबंध परत पाठवतात, आणि ही परवानगी मागाहून घेता येत नाही.

नियतकालिकांच्या वर्गणीवर लाखो खर्च करण्याआधी रिसर्चफॉरलाइफ ही योजना पाहा. कमी उत्पन्नाच्या देशांतल्या संस्थांना त्यातून नियतकालिकं फुकट किंवा अल्प दरात मिळतात. आपला देश आणि आपली संस्था पात्र आहे का, ते आधी तपासून घ्या.

निबंध पाठवण्याआधी प्रत्येकाने करायच्या गोष्टी:

१. नियतकालिक स्कोपसच्या यादीत *आज* आहे का? यादीतून नावं काढली जातात. वेब ऑफ सायन्सनेही २०२३ मध्ये पन्नासच्या आसपास नियतकालिकं एका दमात वगळली.
२. संकेतस्थळ खरं आहे का? नामांकित नियतकालिकांची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळं आहेत. पैसे तिथे गेले की परत येत नाहीत.
३. संपादक मंडळातल्या दोघांना ईमेल करून विचारा. काहींना आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नसतं.
४. ‘दहा दिवसांत स्वीकृती’ अशी हमी दिसली की थांबा.

सावधान: हिंदावी या प्रकाशनाने २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले. छापून आलेला निबंध म्हणजे कायमची जमा, हा समज सोडा. मागे घेतलेला प्रत्येक निबंध संस्थेच्या नावासकट कायम दिसत राहतो.

## टप्पा ६: पदवी बाहेर चालली पाहिजे

देशातली मान्यता आधी, परदेशी मानांकन नंतर. उलटं चालत नाही. अभियांत्रिकीसाठी अबेट ही मानांकन देणारी अमेरिकी संस्था देशातल्या संबंधित यंत्रणांची संमती मागते, आणि अभ्यासक्रमातून निदान एक तरी पदवीधर बाहेर पडलेला असावा लागतो. व्यवस्थापनासाठी एएसीएसबी किंवा एक्विस ही मानांकनं आहेत. ही कामं अर्जापासून निकालापर्यंत काही वर्षं चालतात. एका वेळी एकच अभ्यासक्रम पुढे करा.

या मानांकनांत अडखळण्याची जागा बहुतेक वेळा एकच असते. इमारती, ग्रंथालय, यंत्रं दाखवायला सगळे तयार असतात. ‘विद्यार्थ्याला हे येतं, हे तुम्ही कसं मोजता, आणि येत नव्हतं तेव्हा अभ्यासक्रमात काय बदललंत?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. तपासणीच्या आधी महिनाभर बसून ते तयार करता येत नाही. दोन-तीन वर्षांचे मोजणीचे आणि बदलांचे कागद लागतात. म्हणून मोजणी आज सुरू करा, अर्ज नंतर करा.

गुणपत्रिकेवरही काम करा. श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे किती तासांचं काम, हे छापलेलं हवं. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्ष ६० श्रेयांकांचं असतं आणि एक श्रेयांक २५ ते ३० तासांचा, त्यात घरी केलेला अभ्यासही येतो. आपलं कोष्टक त्याला जोडून दाखवा. पदवी पडताळणीचा अर्ज आला तर किती दिवसांत उत्तर जातं? तीन आठवडे लागत असतील तर आपला पदवीधर तिकडे नोकरी गमावतो, आणि त्याला कारणही कळत नाही. उच्चशिक्षणाच्या पात्रता मान्य करण्याबाबतचा युनेस्कोचा जागतिक करार २०२३ पासून अमलात आला आहे. आपल्या देशाने तो स्वीकारला आहे का, ते परीक्षा विभागाला माहीत असावं.

आणि गुणांवरचा विश्वास. अशेसीमध्ये विद्यार्थ्यांनीच प्रामाणिकपणाची संहिता स्वीकारली आणि ती स्वीकारणारे वर्ग पर्यवेक्षकाविना परीक्षा देतात. हे उचलून आपल्याकडे चिकटवू नका. तिथे ते वर्षानुवर्षांच्या चर्चेनंतर आलं. पण कॉपी पकडली गेल्यावर काय होतं, आणि ते देणगीदाराच्या मुलालाही होतं का, हे आपल्याला ठाऊक हवं.

तपासणी: परदेशातल्या तीन विद्यापीठांच्या प्रवेश विभागांना आपल्या पदवीचा नमुना पाठवा आणि ते ती कशी धरतात ते विचारा.

## टप्पा ७: परदेशी संबंध, थोडे पण खरे

कपाटातले जुने सामंजस्य करार बाहेर काढा. ज्यात गेल्या दोन वर्षांत एकही विद्यार्थी, अध्यापक किंवा निबंध हलला नाही, त्यांची मुदत संपू द्या. नवा करार तेव्हाच करा, जेव्हा दोन्हीकडे एकेक अध्यापक आधीपासून एकत्र काम करत असेल. कुलगुरूंच्या भेटीतून झालेले करार कुलगुरूंबरोबर जातात.

लहान सुरुवातीसाठी मार्ग आहेत. अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट स्पेशालिस्ट योजनेत अमेरिकी तज्ज्ञ दोन ते सहा आठवडे येतो. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेत युरोपीय विद्यापीठाला सोबत घेऊन देवाणघेवाण किंवा क्षमताबांधणीचा प्रकल्प मागता येतो. तज्ज्ञ येण्याआधी त्याला एक ठोस काम द्या, उदाहरणार्थ एका अभ्यासक्रमाची फेररचना. नुसती व्याख्यानं ठेवली की शेवटी आभारप्रदर्शन होतं आणि विषय संपतो.

परदेशी विद्यार्थी आणायचे तर आधी व्हिसाचं पत्र, वसतिगृह, भाषेची मदत आणि तक्रार ऐकणारा माणूस. दलालांकडून विद्यार्थी घेत असाल तर दलालाने काय आश्वासनं दिली ते प्रवेशानंतर पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांनाच विचारा.

## टप्पा ८: आता क्रमवारी

इथवर सहा-सात वर्षं गेली असतील. आता अर्ज भरा, पण भारांक, म्हणजे कशाला किती टक्के गुण आहेत, ते वाचून.

क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या जागतिक क्रमवारीत ३० टक्के शैक्षणिक प्रतिष्ठा आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांचं मत. म्हणजे जवळपास निम्मे गुण इतरांना आपण माहीत आहोत का यावर. परदेशी विद्यार्थी आणि परदेशी अध्यापक यांना प्रत्येकी फक्त ५ टक्के. तरी त्यांच्यामागे सगळ्यात जास्त पळापळ होते. टाइम्स हायर एज्युकेशन या दुसऱ्या ब्रिटिश प्रकाशनाच्या यादीत यायलाच पाच वर्षांत किमान एक हजार शोधनिबंध लागतात. दोनशे अध्यापकांच्या विद्यापीठात याचा अर्थ दरवर्षी प्रत्येकी एक, आणि तोही त्यांच्या नोंदवहीत मोजला जाणारा. लहान विद्यापीठाने यासाठी धावू नये. शांघायच्या क्रमवारीत नोबेल आणि फील्ड्स पदकांना ३० टक्के आहेत. ती वाचून बाजूला ठेवा.

मग काय भरावं? लहान, निवडक विषयांच्या संस्थेसाठी विषयवार याद्या जास्त कामाच्या, फक्त त्यांच्याही किमान अटी आधी वाचा. टाइम्सची शाश्वत विकास ध्येयांवरची यादी २०१९ पासून आहे. तिथे प्रवेश सोपा आहे, पण त्यातलं स्थान ‘जागतिक क्रमांक’ म्हणून जाहिरातीत छापू नका. पालकांना फरक कळत नाही असं समजू नका.

सावधान: प्रतिष्ठेच्या सर्वेक्षणात कोणाला काय मत द्यायचं ते सांगू नका, बदल्यात काही देऊ तर अजिबात नका. आणि जी कंपनी क्रमवारी छापते तिच्याकडूनच सल्ला किंवा जाहिरात विकत घेत असाल, तर तो खर्च विश्वस्तांसमोर वेगळ्या ओळीत दाखवा.

पहिला निकाल आला की स्थानाकडे पाहण्याआधी निर्देशकांचे सुटे गुण उतरवून काढा आणि टप्पा १ मधल्या फाइलशी ताडून पाहा. अध्यापकसंख्या किंवा निबंधसंख्या जुळत नसेल तर आधी ती चूक शोधा. आपली असेल तर त्याच आठवड्यात कळवा, ती आपल्या फायद्याची असली तरी.